पाऊण आणि सव्वातीन

दिवाळीच्या रात्री सगळे जग पणत्यांकडे पाहत असताना जो माणूस मान उंच करून आकाशाकडे पाहतो, तो थोडासा विक्षिप्तच म्हणायचा. माझ्याविषयी आमच्या घरात हे मत फार जुने आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजन आटोपून पाहुणे फराळाला बसले असताना मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. तेव्हा पत्नीने जिन्यातून विचारले होते, "वर काही हरवलंय का?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर सुचायला मला पुष्कळ वर्षे लागली.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो, की दिवाळी हा मुळी आकाश पाहणाऱ्यांचाच सण आहे. ऐन अमावास्येची रात्र, चंद्राचा अडथळा नाही, पाऊस सरलेला नि हवा धुतल्यासारखी. खाली फटाक्यांचा धूर असतो हे खरे. पण जरा रात्र चढू द्यावी, शेजारची पोरे झोपू द्यावीत, आणि मग ईशान्येकडे तोंड करून उभे राहावे. शर्मिष्ठेचे पाच ठळक तारे सहज ओळखू येतात. वरच्या अंगाला देवयानी असते, आणि शर्मिष्ठेच्या खालच्या बाजूला ययाती. ग्रीकांनी ह्या जागी आपल्या पर्सियसचे घराणे बसवले होते. आपल्याकडच्या जाणत्यांनी तिथे महाभारतातले हे घर वसवले. शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वाही जवळच आहे. एका संसारातली सगळी भांडणे तिथे अगदी शांतपणे लुकलुकत असतात.

ह्या ययातीत अल्गॉल नावाचा एक तारा आहे. अरबांनी त्याला राक्षसाचे डोके म्हटले, आणि त्याच नावाचा हा अपभ्रंश. दिसायला तो अगदी सज्जन तारा आहे. दुसऱ्या प्रतीचा, स्वच्छ, पांढरा. पण दर दोन दिवस, वीस तास नि एकोणपन्नास मिनिटांनी त्याचे काहीतरी बिनसते. पाच तासांत त्याचे तेज उतरत उतरत एक-तृतीयांशाच्याही खाली येते, आणि पुढच्या पाच तासांत तो पुन्हा पूर्ववत होतो. चुकणे नाही, उशीर नाही. आमच्या एस. टी. ने कधी इतका नेम पाळला नाही.

ह्या नेमाचा छडा ज्याने लावला त्याची गोष्ट मला फार आवडते. जॉन गुडरिक हा इंग्लंडातल्या यॉर्क शहरी राहणारा मुलगा. लहानपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली. आईबापांनी त्याला एडिंबरोला, बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या ब्रेडवुडच्या शाळेत पाठवले. पुढे शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगट ह्या नातलगाने त्याला ताऱ्यांचा नाद लावला. १७८२ च्या नोव्हेंबरात, अठरा वर्षांच्या ह्या मुलाने घरच्या खिडकीतून अल्गॉल मंदावताना पाहिला. तारा बदलतो हे इटलीच्या मॉन्तानारीने शंभरएक वर्षांपूर्वीच नोंदवले होते. पण तो नियमाने बदलतो हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. गुडरिकने रात्रीमागून रात्री खिडकीशी काढल्या, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नोंदी केल्या, आणि १७८३ च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीला कळवले, की एकतर ह्या ताऱ्यावर डाग असावेत, नाहीतर एखादा मोठा काळोखा गोळा त्याच्याभोवती फिरत असावा नि तो मध्ये आला की ताऱ्याला ग्रहण लागत असावे. सोसायटीने त्याला त्याच वर्षी कॉप्ले पदक दिले. १७८६ च्या एप्रिलमध्ये त्याला सोसायटीचा सभासद करून घेतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. वय वर्षे एकवीस!

त्या दोन तर्कांपैकी ग्रहणाचा तर्क खरा निघाला. पण गुडरिकच्या ह्या दुर्दैवी ताऱ्याने पुढच्या शास्त्रज्ञांवर जे उपकार केले, ते मला त्याहून मोठे वाटतात.

आकाशातला एकटा तारा फार मुखदुर्बळ असतो. साध्या दुर्बिणीतूनही तो एक टिंबच दिसतो. त्याचा रंग पाहून तो किती तापला आहे ते सांगता येते. पण त्याचे वजन किती, असे विचाराल तर तो गप्प. तागडी नाही, वजने नाहीत, आणि माल इतक्या दूर. तारा तोलायचा तर एकच उपाय आहे. त्याच्या शेजारी दुसरा कुणी असावा लागतो. त्या दुसऱ्याला हा किती ओढतो, किती फिरवतो, ह्यावरून ह्याचे वजन कळते. आणि दोघे एकमेकांच्या आड येऊन एकमेकांना झाकत असतील, तर वजनाबरोबर मापही हाती लागते. जो उजेड आपल्याला रोज दिसतो त्यातून जे कळत नाही, ते उजेड कमी होण्यातून कळते.

हे मी कॉलेजात तीस वर्षे शिकवले. ते मला स्वतःला मात्र २०१९ च्या दिवाळीत, अक्काच्या घराच्या गच्चीवर कळले.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे वडील १९६१ साली गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ती नुकतीच मॅट्रिक झाली होती. तिचे गणित असे, की मास्तर फळ्यावर मांडणी करीत तोवर हिचे उत्तर तयार. तिला कॉलेजात जाऊन गणित घ्यायचे होते. वडील गेले नि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. पुण्यात माझे शिक्षण झाले ते तिच्या मनीऑर्डरीवर. दरमहा पंचवीस रुपये, आणि कुपनावर एकच ओळ: "अभ्यास कर. तूप संपले असेल तर कळव." माझी पदवी हाती आल्यावर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिने लग्न केले. पुढे माझा प्रबंध पूर्ण झाला. त्याच्या पहिल्या पानावर मी मार्गदर्शकांचे आभार मानले, ग्रंथपालांचे मानले, टंकलेखकाचेसुद्धा मानले. अक्काचे नाव तिथे नाही.

आता मुख्य कबुली. वाईचे आमचे घर १९७९ साली माझ्या नावावर झाले. त्या काळी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करणे म्हणजे लग्नात अक्षता टाकण्याइतके सहज मानले जाई. अक्का सकाळच्या गाडीने आली, "राजीखुशीने" ह्या शब्दाखाली सही केली, आणि मी तिला एस. टी. स्टँडवर उसाचा रस पाजून दुपारच्या गाडीत बसवून दिले. त्या रसाची आठवण मला पुढे कितीतरी वर्षे मोठ्या समाधानाने येत असे. २०१८ साली ते घर विकले. कागद आवरताना पेटीत तळाशी हक्कसोडपत्र सापडले. तिची ती ठसठशीत, मास्तरीण सही पाहिली आणि मी बराच वेळ पेटीशी बसून राहिलो. मनात हिशेब मांडू लागलो तर माझ्या बाजूला काही मांडताच येईना.

म्हणून त्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशीच, पाडव्याला, मी साताऱ्याच्या पलीकडे अक्काच्या गावी गेलो. घराच्या किमतीच्या निम्म्या रकमेचा चेक कोटाच्या आतल्या खिशात होता. तो कसा द्यायचा, काय बोलायचे, ह्याचा मी वाटभर सराव केला होता, आणि तिने दार उघडून "आलास का बाळ? वाळलास रे," म्हटल्याबरोबर तो सगळा विसरलो. वय वर्षे एकोणसत्तर असलेल्या माणसाला बाळ म्हणणारे कुणी शिल्लक असणे ही चैनच म्हणायची.

त्या वर्षी पावसाने दिवाळीतही मुक्काम हलवला नव्हता. पण रात्री जेवणे होईपर्यंत वरचे ढग फाटले. त्या रात्री अल्गॉलला ग्रहण लागणार, हे मी आधीच काढून ठेवले होते. खरे सांगायचे तर चेकचा विषय पुढे ढकलायला मला ते निमित्त बरे वाटले. अक्काला गुडघ्यांचा त्रास. तरी नातीचा हात धरून ती गच्चीवर आली. नातीने दोन सतरंज्या आणल्या. अक्काने येताना शाळेच्या दिवसांतली पाटी-पेन्सिल आणली. "तू काहीतरी आकडे सांगणारच," ती म्हणाली.

साडेआठला अल्गॉल अजून ऐटीत होता. पुढे हळूहळू तो शेजारच्या तिसऱ्या प्रतीच्या दोन ताऱ्यांच्या पंगतीला येऊन बसला. नात दर पंधरा मिनिटांनी उठून पाही आणि "मामाआजोबा, खरंच कमी झाला हो," असे जाहीर करी. मी गुडरिकची हकीकत सांगितली. अक्काने सगळे ऐकून एकच विचारले, "आईबापांनी शिकवलं त्याला?"

"हो. खास शाळेत पाठवलं."

"मग बरं," एवढेच ती म्हणाली आणि पाटी पुसू लागली.

मी पुढे सांगत गेलो. शंभर वर्षे गुडरिकचा काळोखा सोबती कुणाला दिसला नव्हता. १८८९ साली जर्मनीत पॉट्सडामला फोगेल नावाच्या शास्त्रज्ञाने अल्गॉलचा उजेड लोलकातून पसरला आणि त्यातल्या काळ्या रेघा मोजल्या. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा सूर चढतो, लांब जाते तेव्हा उतरतो, तसेच प्रकाशाचे. तारा दूर जात असला की रेघा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असला की निळ्या बाजूला. ग्रहणाच्या आधी अल्गॉल आपल्यापासून दूर जात होता आणि ग्रहणानंतर जवळ येत होता! म्हणजे तो खरोखरीच कुणाच्या तरी ओढीने फिरत होता. त्या कुणाचा तरी उजेड मात्र हाती लागेना. १९१० साली अमेरिकेत स्टेबिन्सने सेलेनियमची विजेची घटिका दुर्बिणीला लावली. ती थंडीत नीट चालते असे दिसल्यावर त्याने ती बर्फात ठेवली, आणि मग त्याला दोन मोठ्या ग्रहणांच्या मधोमध एक अगदी लहानसे ग्रहण सापडले. काळोखा सोबती अल्गॉलच्या मागे जाई तेव्हा उजेड शेकड्याला पाच-सहा इतकाच कमी होई. पण कमी होई! म्हणजे तो सोबती काळोखा नव्हता. त्यालाही स्वतःचा उजेड होता. मोठ्याच्या झगमगाटात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता, इतकेच. त्याच्या स्वतःच्या रेघा हाती यायला तर १९७८ साल उजाडले.

"आता आकडे सांग," अक्का म्हणाली.

मी सांगितले. ठळक तारा सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर वेगाने फिरतो, फिकट तारा १९४ किलोमीटर वेगाने. दोघांचा मिळून २३८. एका फेरीला दोन लाख सत्तेचाळीस हजार सातशे सेकंद लागतात. तेव्हा एकाला स्थिर मानले तर दुसऱ्याची वाट भरते सुमारे पाच कोटी नव्वद लाख किलोमीटर. आणि परिघावरून त्रिज्या काढली तर दोघांमधले अंतर येते ९४ लाख किलोमीटर. पृथ्वी सूर्यापासून आहे पंधरा कोटींवर.

"म्हणजे रुपयात आणा," अक्का म्हणाली. "सोळावा हिस्सा."

मी चकित झालो. तीस वर्षे शिकवताना हे मला कधी सुचले नव्हते. मग मी तिला केप्लरचा नियम सांगितला. अंतराचा घन करायचा, काळाच्या वर्गाने भागायचे. अंतर पृथ्वी-सूर्याच्या अंतरात नि काळ वर्षांत धरला, की उत्तर सूर्याच्या वजनात येते. दोन दिवस वीस तास एकोणपन्नास मिनिटे म्हणजे वर्षाचा जवळजवळ एकशे सत्ताविसावा भाग. तिने पाटी विजेरीच्या उजेडात धरली. सोळाचा घन चार हजार शहाण्णव. एकशे सत्तावीसचा वर्ग सोळा हजार एकशे एकोणतीस. "ह्याला त्याने भाग. चाराला थोडं कमी," ती म्हणाली. "चारच धर."

"बरोबर. दोघं मिळून चार सूर्यांचे. आता वाटणी करायची."

"वेगाच्या उलट ना? जड असेल तो कमी हलणार." वाटणीच्या बाबतीत तिला काही शिकवावे लागले नाही. चव्वेचाळीसास एकशे चौऱ्याण्णव, म्हणजे एकास साडेचाराला किंचित कमी. क्षणभर ती पुटपुटली आणि तिने पाटीवर मोठ्या अक्षरात दोन आकडे लिहिले: सव्वातीन आणि पाऊण.

पुस्तकात हेच आकडे आहेत. सूक्ष्म मोजमापांत दशांश थोडेफार इकडेतिकडे होतात, पण अंधारातल्या गच्चीवर, दगडी पाटीवर, पंचाहत्तर वर्षांच्या बाईने चार भागाकारांत दोन तारे तोलले होते.

"पण हे ग्रहण लागतं म्हणूनच का?" नातीने विचारले. मी म्हटले, "उद्या अक्का मला ओवाळील तेव्हा मला निरांजन वाटोळं फिरताना दिसेल. तू बाजूला बसलीस तर तुला ते नुसतं वरखाली होताना दिसेल. तारे फिरतात ते ताट आपल्याकडे किती कलतं आहे हे ठाऊक नसेल, तर खरा वेग कळत नाही. ग्रहण लागतं ह्याचा अर्थ आपण त्या ताटाच्या जवळजवळ कडेला बसलो आहोत." आकारमानही ग्रहणच सांगते. ग्रहण दहा तास चालते. दहा तासांत २३८ किलोमीटरच्या वेगाने जेवढी वाट कापली, जवळजवळ तेवढीच दोघांच्या व्यासांची बेरीज. तिची निम्मी करून सूर्याच्या त्रिज्येने भागले, की येतात सहा-सव्वासहा सूर्य. ग्रहणाची खोली आणि प्रकाशाच्या आलेखाचा उतार नीट पाहिला, की त्याचीही वाटणी होते. जड ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पावणेतीनपट, हलक्याची साडेतीनपट.

"औट," अक्का म्हणाली. लहानपणी तिने मला औटकी पाठ करायला लावली होती, आणि चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. मग तिची पेन्सिल थांबली. "थांब. जो पाऊण आहे तो औट? वजनाने हलका तोच आकाराने मोठा?"

"हो. फुगलेला आहे. म्हातारा झाला आहे. थंडही झाला आहे, पाच हजार अंशांच्या आसपास. जड आहे तो बारा-तेरा हजार अंशांवर तळपतो आहे, ऐन तारुण्यात."

"पण तूच मघाशी सांगितलंस, की दोघे एकाच वेळचे. आणि मोठा तारा इंधन भराभरा जाळतो, लवकर म्हातारा होतो. मग इथे मोठा तरणा नि लहान म्हातारा कसा?"

वाचकहो, ह्या प्रश्नाला शास्त्रात अल्गॉलचा विरोधाभास म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठ्यांची त्याने झोप उडवली होती. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने आपण होऊन विचारला नव्हता. जिने कॉलेजचा उंबरा ओलांडला नाही, त्या बाईने तो दहा मिनिटांत विचारला. आणि त्या क्षणी मला, सव्वातीनच्या मानाने पाऊण म्हणजे काय, हे छातीत कळ यावी तसे कळले.

मी उत्तर सांगितले. १९५५ साली क्रॉफर्ड आणि कोपाल ह्या दोघांनी ते उलगडून दाखवले. आज जो पाऊण आहे तो जन्मताना दोघांत मोठा होता. म्हणून तोच आधी वयात आला, आधी फुगला. जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याला आपले म्हणून एक अंगण असते. फ्रान्सच्या रोश ह्या गणितज्ञाच्या नावाने त्याची सीमा ओळखली जाते. त्या अंगणात जे मावेल ते त्याचे. फुगता फुगता तारा सीमेला भिडला, की वरचे द्रव्य दोघांच्या मधल्या बिंदूतून शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ लागते. असा त्या ताऱ्याचा बहुतेक सगळा ऐवज धाकट्याकडे गेला. धाकटा सव्वातीन झाला, नव्या इंधनाने तरुण दिसू लागला. आणि थोरला पाऊण होऊन म्हातारपण सांभाळीत त्याच्याभोवती फिरत राहिला. अजूनही थोडा ओघ चालूच आहे.

"पाहा ना," मी म्हटले, आणि माझा आवाज मला जरा जड झालेला जाणवला, "हे घडतं तेही ययातीत. पुरूने आपलं तारुण्य दिलं, ययातीने घेतलं. आमच्या आकाशाच्या नकाशात ययाती आहे, त्याच्या दोघी बायका आहेत, सासराही आहे. पुरूला मात्र तिथे जागा नाही. अक्का, तू जे दिलंस..."

"थांब," अक्का म्हणाली. "मघाशी तू काय सांगितलंस? अंगणात मावेना म्हणून गेलं. दूध उतू जातं त्याला कुणी दान म्हणतं का? बाबा गेले, घर चालवायला हवं होतं, मी नोकरी धरली. मला शाळा आवडायची. चाळीस चाळीस पोरांना पाढे शिकवले, त्यांत तू एक. उगीच मला पुरू करू नकोस. त्या बिचाऱ्याला निदान शेवटी तारुण्य परत मिळालं होतं."

नात हसली. मीही हसलो, पण ते शेवटचे वाक्य ती सहज बोलली, की माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहून, हे मला अजून सांगता येत नाही.

रात्र बरीच चढली होती. अल्गॉल शेजारच्या दोघा ताऱ्यांहून फिकट होऊन बसला होता. म्हणजे त्या घडीला आपल्याला त्या जागी मुख्यतः दिसत होता तो थोडा उघडा राहिलेला सव्वातीन, त्याच्यापुढे उभा असलेला पाऊण, आणि ६८० दिवसांत त्या दोघांभोवती एक फेरी घालणारा त्यांचा तिसरा सोबती. हा सगळा उजेड नव्वद वर्षांपूर्वी तिथून निघालेला. आमच्या आईवडिलांच्या लग्नाच्याही आधीचा. २०१२ साली कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरच्या दुर्बिणी एकत्र जोडून ह्या तिघांची चित्रेही काढली गेली, आणि गणिताने जे सांगितले होते तेच चित्रांत दिसले. पण ज्यांनी नुसत्या उजेडाच्या चढउतारावरून आधी ते ओळखले, त्यांचे मला अधिक कौतुक वाटते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अक्का म्हणाली, "आता वाढेल ना परत?"

"पहाटेपर्यंत होता तसा होईल."

"मग झोपू या," असे म्हणून ती उठली. पाटी तिने पुसली नाही. तशीच खाली नेऊन देवघराच्या कोनाड्यात उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबीज झाली. पाट, रांगोळी, सगळे लहानपणासारखे. निरांजन माझ्यासमोर वाटोळे फिरले. नात मुद्दाम बाजूला बसून ते वरखाली होताना पाहत होती. मी तबकात चेक ठेवला. काय बोलायचे ते अजूनही सुचले नव्हते, म्हणून म्हटले, "वाईच्या घराचे आहेत."

मला वाटले होते, ती नको म्हणेल, डोळ्यांना पदर लावील, मी आग्रह करीन. गोष्टींत असेच होते. अक्काने चष्मा लावला, आकडा वाचला, अक्षरांतली रक्कमही ताडून पाहिली.

"निम्मे?"

"बरोबर निम्मे."

"बरं केलंस." तिने चेकची घडी करून तो देवघरात पाटीच्या मागे ठेवला. "मी वाट पाहत होते, तुझ्या लक्षात कधी येतं त्याची. मागून घेतलं असतं तर तुझी परीक्षा कशी झाली असती?"

गणित असे सांगते, की पुढे केव्हातरी अल्गॉलचा सव्वातीनही म्हातारा होईल, फुगेल, आपल्या सीमेला भिडेल. आणि मग ओघ उलटा फिरून द्रव्य पाऊणकडे परत जाऊ लागेल. ताऱ्यांना ह्यासाठी कोट्यवधी वर्षे लागतात. माणसाला तेवढी सवड नसते, म्हणून त्याने जरा घाई करावी हे बरे. पत्नीने जिन्यातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सकाळी सापडले. वर माझे काही हरवले नव्हते. खालीच हरवले होते; ते शोधायची रीत तेवढी वर होती.

निघताना मी अक्काच्या पाया पडलो आणि विचारले, "मास्तरीणबाई, परीक्षेत किती गुण?"

"दहापैकी नऊ."

"एक कुठे कापला?"

"चाळीस वर्षं उशीर झाला त्याचा," अक्का म्हणाली. मग जरा थांबून हसली. "त्या दिवशीचा उसाचा रस मात्र गोड होता हो."